सासूचं कडवं

सासू : थांब, थांब! आत्ता काय गुणगुणत होतीस?

सून : काही नाही, आई. अभ्रे शिवताना आपोआप येतं तोंडात. बंद करते.

सासू : बंद कशाला? लग्न होऊन आलीस तेव्हापासून आज कुठे आवाज फुटलाय तुला. पण हे आमचं गाणं शिकवलं कुणी?

सून : तुमचं? हे सीमेपलीकडचं आहे. आमचं. माझी आत्या म्हणायची.

सासू : काहीतरीच! लग्नात नवरीला चिडवायला हेच तर म्हणायचो आम्ही. ‘नवरी आली नटून थटून, चूल काही पेटेना अजून!’

सून : चाल हीच. पण आमच्या गाण्यात नवरी नसते.

सासू : मग?

सून : राहू दे ना, आई.

सासू : अगं बोल की! मी काय खाणार आहे तुला?

सून : सासू असते. ‘सासू बसली फुगून फुगून, कपाटाची किल्ली कमरेला खोचून!’

(सासूचं शिवणाचं मशीन थांबतं.)

सून : रागावलात?

सासू : हसू आवरतेय गं. टाके वाकडे गेले सगळे.

सासरे : काय चाललंय? मला वाटलं, जुंपली दोघींची.

सासू : जुंपलीच आहे. ही म्हणते, गाणं त्यांचं!

सासरे : अगं, सीमेवर चौकी नव्हती तेव्हा तिकडचे ढोलवाले इकडच्या लग्नांत वाजवायचे, इकडचे तिकडे. कुणी कुणाचं उचललं, देव जाणे.

सासू : तुम्हाला विचारलं कुणी? जा, चहा टाका. आणि तू गं, एवढा गोड गळा असून मुकी का असतेस?

सून : मी बोलले की ताई माझ्या उच्चारांना हसतात. कधी कधी वाटतं, माहेरी जावं ते परत येऊच नये.

सासू : हे माझ्या तोंडावर सांगतेस?

सून : गाण्यात तर याहून वाईट आहे.

सासू : शाबास! रविवारी येतेय तुझी नणंद. तिच्यासमोर म्हण, खणखणीत. बघतेच कोण हसतं ते. पण आधी ते किल्लीचं कडवं मला शिकव. सावकाश म्हण.

सून : तुम्हाला? अहो, सासूला टोमणे आहेत त्यात!

सासू : म्हणून तर. मलाही सासू होती गं. चाल तेवढी येत होती, शब्द नव्हते माझ्याकडे.