लोखंड लांब ठेवा

नमस्कार. भांडुपच्या या सोसायटीच्या हॉलमध्ये आपण वीस-पंचवीस जण जमलोय. परबसाहेबांकडे एका वेळी इतकी माणसं आलेली मी कधी पाहिली नाहीत. साहेबांबद्दल दोन शब्द बोलायला उभी राहिलेय.

मी वैशाली कांबळे. साहेबांच्या हाताखाली आठ वर्षं होते. काम काय? डोंगराच्या पोटात वीजघर खोदायचं, तर तिथला खडक कुठल्या बाजूने किती दाबला गेलाय ते आधी मोजायचं. खडकात भोक पाडायचं, त्यात जोराने पाणी भरायचं, आणि तो तडकला की तडा कुठल्या दिशेला गेला ते बघायचं. त्यावरून वीजघराची लांब बाजू ठरते. दिशा चुकली तर भिंती आत सरकतात. आत माणसं असतात.

आणि लोखंड जवळ असलं की होकायंत्राची सुई ढळते. म्हणून ते काढलं की साहेब ओरडायचे, "लोखंड लांब ठेवा रे! आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका!"

एकदा हिमालयातल्या साइटवर साहेब तापाने फणफणले होते. दिशा मी मोजली. ड्रिलिंग मशीनला टेकून, बिनधास्त. आकडे मुंबईला गेलेसुद्धा. साहेबांना ते पटेनात. अंगात ताप असताना ते परत वर चढले, सगळं पुन्हा मोजलं. मीटिंगमध्ये म्हणाले, "चूक माझी." मी समोर होते. गप्प बसले.

बाहेर आल्यावर मला मालवणीत एवढंच म्हणाले, "जेवलंस मा गो?"

पुढचं काम मला मिळालं. साहेबांना पुन्हा साइटवर कोणी नेलं नाही.

रिटायर झाल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी उचलायचे नाही. लाज वाटायची हो. मुलुंडला राहते मी, हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांत एकदाही आले नाही. गेल्या रविवारीही फोन वाजला, वाजून थांबला. मंगळवारी साहेबांच्या शेजारच्या सावंतकाकूंचा आला, साहेब गेले म्हणून. तो मात्र उचलला.

काकू, तुम्ही मघाशी म्हणालात, साहेब सांगायचे, "वैशाली कामात असते." नाही हो काकू. मी कामात नव्हते.

ऑफिसमधले तिघं मागे बसलेत, त्यांनीही ऐकावं. ती चूक माझी होती. साहेब, चूक माझी होती.

आता सगळे उभे राहूया. किल्ल्या, फोन खुर्चीवर ठेवा. लोखंड लांब ठेवा. आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका.