पलीकडे उभी गाडी

रॉस : काल उजवा होता.

वेंडल : काय उजवा?

रॉस : गुडघा. काल तुझा उजवा गुडघा दुखत होता. आज सकाळपासून तू डाव्या पायावर लंगडतोयस.

वेंडल : एकाला आराम दिला की दुसऱ्यावर भार येतो, साडूभाऊ. साठीतल्या माणसाला रोज कोणता गुडघा असं विचारायचं नसतं.

रॉस : साठीत मीही आहे. आणि परवा त्याच गुडघ्यांनी तू पडलेल्या देवदारावर चढून फोटो काढत होतास. राहू दे. सॅकचा कमरेचा पट्टा सोड, पडलास तर ती टाकून देता येईल, आणि माझ्यामागोमाग ये.

वेंडल : ह्या पाण्यात? तू नदीकडे बघितलंस का?

रॉस : बघतोय. नदीपलीकडे माझी पिकअप उभी आहे, तीही बघतोय. दगड मारला तर टपावर लागेल.

वेंडल : मार की. मारल्यानं जवळ येणार असेल तर मीही मारतो.

रॉस : गुरुवारी आलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं.

वेंडल : गुरुवारी ऊन होतं. काल दुपारपासून वर डोंगरात जो पाऊस कोसळतोय तो सगळा आत्ता इथं पोचलाय. मघाशी मी काठाशी काठी रोवली होती, आपली बिस्किटं संपायच्या आत बुडाली. आणि ऐक जरा.

रॉस : काय ऐकू?

वेंडल : तळातले दगड. गडगडतायत.

रॉस : तुझं पोट असेल.

वेंडल : माझ्या पोटात आहे काय गडगडायला? शेवटचं सॉसेज तू खाल्लंस.

रॉस : काल दुपारी आपण गाडीत बसलेलो असायला हवं होतं. काल उठल्या उठल्या मी म्हणालो, ऑक्टोबरचं आभाळ आहे, तंबू आवरू. तेव्हा कोणाला आणखी एकदा कॉफी हवी होती? मग आणखी एकदा? मग एल्क हरणांचा कळप बघायचा होता. अख्खा जन्म लाकूडतोडीत काढलास तू. एल्क काय पहिल्यांदा बघत होतास?

वेंडल : कामावर असताना नीट बघायला वेळ कुठे असतो.

रॉस : आज सकाळी तीच सॅक पुन्हा पुन्हा उपसलीस आणि भरलीस. लग्नाला निघालेल्या बाईला लागत नाही एवढा वेळ.

वेंडल : हे बघ, आज इथंच मुक्काम टाकू. पाऊस थांबला तर सकाळपर्यंत पाणी उतरेल. ही नदी चढते तशी उतरतेही झटकन.

रॉस : नॅडीन वाट बघेल. अंधार पडेपर्यंत येतो म्हणून सांगितलंय. ती आधी खिडकीत उभी राहील, मग जंगलखात्याच्या रेंजरना फोन करेल. मग ते बिचारे टॉर्च घेऊन आपल्याला शोधत फिरणार, आणि उद्या गावातल्या हॉटेलात जो तो मला विचारणार, काय, वाट चुकलात म्हणे. मला ती शोभा करून घ्यायची नाही.

वेंडल : नाही करणार ती फोन.

रॉस : तुझ्या बायकोची बहीण असेल, पण बायको माझी आहे. ती काय करते ते मला माहीत आहे. पट्टा सोडलास का?

वेंडल : मी येत नाही.

रॉस : राहा मग. किल्ली माझ्याकडे आहे.

(रॉस पाण्यात उतरतो. तिसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागतं.)

वेंडल : रॉस! मागे फिर! ओंडका येतोय वरून!

रॉस : तुझ्या गुडघ्यासारखाच का?

वेंडल : अरे खरंच येतोय!

रॉस : तीन दिवसांत तू माझ्याशी एक शब्द खरा बोललेला नाहीस, वेंडल. मला कळत नाही असं समजू नकोस. का, तेवढंच कळत नाही.

वेंडल : नॅडीन घरी नाहीये! ऐकलंस? घरी कोणी नाहीये! बुडायचं तर बुड, पण तिच्यापायी घाई झाली म्हणून नको बुडूस!

रॉस : काय म्हणालास?

वेंडल : बाहेर ये, सांगतो.

रॉस : तिथनं सांग.

वेंडल : पाण्यात उभ्या माणसाला असलं सांगत नाहीत. ये. हात दे. तो नाही, काठी धरलेला. हां. बस इथं, दगडावर. आणि बघ तिकडे. बघितलास? मुळांसकट होता. तुझ्या छातीएवढा जाड.

रॉस : बोल.

वेंडल : शुक्रवारी गेली ती. भाड्यानं ट्रक आणला होता. तिची बहीण, आमची गेल, होती सोबत. ॲबर्डीनला जागा घेतलीय, दोन खोल्यांची. तुला आज रविवारपर्यंत खोऱ्यात ठेवायचं, एवढं काम माझ्याकडे होतं.

रॉस : म्हणजे गुडघे...

वेंडल : गुडघे माझी कल्पना. त्या बहिणी फक्त म्हणाल्या, काहीतरी कर.

रॉस : मला न सांगता.

वेंडल : सांगितलं होतं तुला. मार्चमध्ये, आमच्याकडे जेवायला आला होतात तेव्हा. सगळ्यांसमोर म्हणाली, 'रॉस, मी एक दिवस निघून जाईन.' तू बटाटे वाढून घेत होतास. मान वर न करता म्हणालास, 'जाशील तेव्हा गाडीचं ऑइल बघून जा.'

रॉस : मस्करी करत होती ती.

वेंडल : कोणी हसलं नव्हतं.

रॉस : तू हसलास.

वेंडल : हो. मी हसलो. त्यावरून गेल मला अजून ऐकवते.

रॉस : पुन्हा बोलायचं तरी तिनं.

वेंडल : ती बोलायला लागली की तू उठून काहीतरी दुरुस्त करायला घेतोस. तुझ्या घरात एक नळ गळत नाही, रॉस. तेवढं ती मान्य करते.

रॉस : आणि तू ह्यात पडलास. माझ्याच गाडीतून येऊन, माझ्या चुलीवरची कॉफी पिऊन.

वेंडल : पडलो. मीही म्हटलं होतं, समोर उभं राहून सांग आणि जा. ती म्हणाली, नको. तो सामान भरायला मदत करायला लागेल. खोक्यांना दोऱ्या घट्ट बांधून देईल, आणि मग माझ्याच्यानं निघवणार नाही.

(रॉस बूट काढून त्यातलं पाणी ओततो.)

वेंडल : कोरडे मोजे काढ. गारठशील.

रॉस : काय काय नेलं?

वेंडल : कशाला आता ते?

रॉस : सांग. इथनं हलता येत नाहीये ना? मग सांग.

वेंडल : ठरलं होतं ते सांगतो. तिच्या आईचं कपाट. शिवणयंत्र. ताटल्या अर्ध्या.

रॉस : अर्ध्या कशा होतील? सात होत्या.

वेंडल : मग तीन नेल्या असतील.

रॉस : चार न्यायच्या. तिच्याकडे माणसं येतात. डीप फ्रीजर?

वेंडल : तो तुला ठेवलाय, आतल्या मांसासकट.

रॉस : पलंग?

वेंडल : पलंगाचं विचारू नकोस.

रॉस : नेला?

वेंडल : ठेवलाय. म्हणूनच म्हटलं, विचारू नकोस.

रॉस : तू तुझा तंबू लाव कुठेतरी. त्या मेपलच्या झाडांपलीकडे. मला तुझं तोंड बघायचं नाही.

वेंडल : लावतो. काठ्या दे.

रॉस : कसल्या काठ्या?

वेंडल : तंबूच्या. वजन वाटून घेतलं ना आपण? कापड माझ्याकडे आहे, काठ्या तुझ्या सॅकमध्ये.

रॉस : म्हणजे रात्रभर तुझ्याच शेजारी.

वेंडल : मलाही कुठे दुसरीकडे जाता येतंय. इथं तू, पलीकडे गेल विचारायला बसलीय, काय म्हणाला, कसा वागला, रडला का.

रॉस : काय सांगणार आहेस?

वेंडल : मोजे बदलले म्हणून सांगेन.

रॉस : उद्यापासून तू माझा साडू नाहीस.

वेंडल : वकील लागतील, कागद होतील. वर्षभर तरी आहे मी. तोवर बघ जमतंय का.

रॉस : हे घे. काठ्या. पाण्यापासून लांब लाव, ते वर सपाट आहे तिथं.

वेंडल : लावतो.

रॉस : वेंडल. काही म्हणाली नाही? निघताना?

वेंडल : मी नव्हतो तिथं. आधी म्हणाली होती, तो येईल तेव्हा अंधार पडलेला असेल, म्हणून जाताना दारावरचा दिवा लावून ठेवेन. तुला अंधारात कुलूप सापडत नाही म्हणाली.

रॉस : शुक्रवारीच लावला असेल.

वेंडल : असेल. जाताना म्हणजे शुक्रवारीच.

रॉस : म्हणजे दोन दिवस जळतोय. आणि उद्याचा दिवस.

वेंडल : पाणी उतरलं तर.

रॉस : दिवसाउजेडी पोचू आपण. कोणाला कळणारही नाही, दिवा लागलाय म्हणून.