स्टेफाची शेवटची चकती

हॅलो?… हॅलो, कोण?… ओक्साना! अगं पोरी, आवाज ओळखू आला नाही, इथे वारा सुटलाय… तळ्यावरचा, हो… चुयच्या खानावळीतच आहे. मंगळवार ना आज, पोकरचा… जेवलो, जेवलो. तळ्यातली ती बारकी मासळी, तळलेली, वर लिंबू पिळून… बिअर एकच… बरं, दीड. अर्धी ग्लेनिसची उरलेली.

थांब हं, ओसरीत येतो. आत हँक ओरडतोय… काही नाही गं, टेक्सासचा माणूस, हळू बोलणं त्याला जमतच नाही.

हां, बोल. कुठे बसलीयेस?… स्वयंपाकघरात? टेबलाशी?… आईच्याच ना?… अजून डुगडुगतंय? पायाखाली पुठ्ठा घाल की… काढून टाकणार? का?… माझ्यासाठी खोली लावलीस ते ठीक आहे, पण टेबलानं तुझं काय घोडं मारलंय?… नवं येणार. बरं. तुझं घर आहे बाई, मी कोण सांगणारा.

यॉर्कटनला बर्फ पडलं म्हणे… दारापर्यंत? नोव्हेंबरातच?… मी अर्ध्या बाहीच्या शर्टात आहे… चिडवत नाही गं. बरं, मेक्सिकोत बसून कॅनडाच्या थंडीबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

अगं, अगं, घाबरू नकोस! गोळीबिळी नाही. देवळातून दारूचे बाण सोडतायत. जत्रा आहे इथल्या देवाची… दिवसभर… आई? आई मुद्दाम दचकायची. प्रत्येक बाणाला. सगळ्यांना वाटायचं, बाई घाबरलीय, पानं वाईट आलीत हिला. आणि मग…

हो… हो ना.

तिकीट?… हो, शनिवारचं. लक्षात आहे… सामान नाही भरलं अजून. सामान ते काय असणार, दोन पँट नि तिची उशी… पाठीमागची गं, लाल टाक्यांची… आज पण आणलीय. ठेवलीय तिच्या खुर्चीवर… अगं, सवय. इतकी वर्षं दर मंगळवारी तिच्या मागनं ती उशी काखेत मारून आलोय. आता मोकळ्या हातानं कसा येणार? ओळखणार नाहीत मला.

नाही… नाही संपला अजून… आईचा पण नाही संपला… अगं ऐक ना. माझा शब्द माझ्या लक्षात आहे. आईचा डाव संपला की मी येतो, असंच म्हणालो होतो. तिकीट तू आधीच काढलंस त्याला मी काय करू? डाव संपायला नको?

किती म्हणजे… एक. एकच चकती उरलीय तिची… हो, गेल्या मंगळवारी पण एकच होती… आज पण तीच.

मला काय विचारतेस? खेळणारी तू. मी आपला मागे बसणारा माणूस… बरं, सांगतो. नियम तिचाच ना? गेल्या वर्षी हँक नातीच्या लग्नाला गेला, तेव्हा तिनंच काढला. म्हणाली, माणूस गैरहजर असला तरी त्याच्या चकत्या उचलायच्या नाहीत. त्याला पानं वाटायची. त्याची पाळी आली की त्याची ब्लाइंडची, म्हणजे पानं न बघता लावायचीच असते ती, चकती मध्ये ढकलायची. संपेपर्यंत… हो, हो, हँकच्या सगळ्या तशाच गेल्या! आला तेव्हा त्याच्या जागेवर हिनं एक लिंबू ठेवलं होतं. म्हणाली, तुझ्या नातीला आहेर.

तर तिला पण तोच नियम. ती गेली त्या आठवड्यात सगळ्यांत मोठा ढीग तिचा होता. यंदा बेडूक तिलाच मिळणार, असं जो तो म्हणायचा… तोच गं, मातीचा, हिरवा. जिंकेल त्यानं वर्षभर घरात ठेवायचा. दिसायला इतका घाणेरडा आहे की ग्लेनिसनं न्हाणीघरात ठेवलाय. आणि तुझ्या आईनं त्याच्यासाठी खिडकीतली कुंडी हलवून जागा केली होती… अजून रिकामीच आहे. कुंडी परत ठेवली नाही मी.

मग कमी कमी होत गेल्या. दर मंगळवारी ढीग थोडा खाली. बघवत नव्हतं, पण बसायचो. म्हटलं, आहेत तोवर आहेत… हो, आणि शेवटच्या एकीवर येऊन थांबलं. ती मध्ये जाते. चुय पानं वाटतो. हँक आपली बघतो, टाकून देतो. ग्लेनिस टाकते. चुय पण टाकतो. मग चुय ती चकती उचलून परत उशीसमोर ठेवतो… पुढच्या पाळीला परत तेच.

काय करताहेत म्हणजे? पानं वाईट येत असतील… सगळ्यांना, हो… दर वेळी…

हं.

ओक्साना, एक विचारू? हातात दोन एक्के आले तर कोणी टाकून देतं का?… पहिलीच दोन पानं. दोन्ही एक्के… नाही ना?… 'कोणी मेलं तरी नाही.' हं.

अगं, सॉरी कशाला, मीच विचारलं.

आत्ता, तुझा फोन यायच्या जरा आधी वाऱ्याचा झोत आला. हँकनं टाकलेली पानं उलटली. बदामाचा एक्का आणि इस्पिकचा एक्का… खरंच सांगतोय. चुय वर छपराकडे बघायला लागला. ग्लेनिसनं माझ्यासमोर मिठाची बाटली सरकवली. मी मीठ मागितलंच नव्हतं! आणि हँक म्हणतो, 'चष्मा घरी राहिला.' चष्मा त्याच्या कपाळावर होता…

हस, हस… तुझं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

रडतेस का आता?… बरं, नाक पूस. मी थांबतो.

त्यांना कसं कळणार? मी कोणाला काही… थांब. सांगितलं होतं. चुयला. तो माझ्या ताटात मासे वाढत होता, मी म्हटलं, स्टेफाचा डाव संपला की मी निघालो बघ, पोरीला शब्द दिलाय… हो. त्याच्या पुढच्याच मंगळवारपासून. त्यानंतर ती चकती हललेली नाही.

असं आहे होय.

आणि मला वाटत होतं, तिला धरून ठेवलंय त्यांनी. मला धरून ठेवलंय गं.

नाही, नाही… असं म्हणू नकोस. तू मनापासून म्हणतेस ते कळतंय मला. 'राहा तिथेच'… रागानं नाही म्हणालीस, कळलं… खरं सांगू? राहावंसं वाटतं. हो. बुधवार उजाडला की मला पुढचा मंगळवार दिसायला लागतो, मधलं काही दिसतच नाही. मंगळवारी ती खुर्ची, ती उशी, समोर दोन पानं उपडी. मागनं बघितलं की वाटतं, हात धुवायला गेलीय, येईल आत्ता. मासे खाल्ले की हात धुतल्याशिवाय पानांना शिवायची नाही ना ती… घरात नाही तसं वाटत. घरात ती नाहीच आहे.

तुझ्याकडे… तुझ्याकडे आहे, हो. राख डब्यात आहे, फडताळावर. माहीत आहे गं, रोज पुसतेस तू. जमीन मऊ झाली की पुरू, मी नको कधी म्हणालो? पण तिकडे ती आहे आणि इकडे तिची खुर्ची आहे. कुठेही बसलो तरी अर्ध्यातच बसल्यासारखं वाटतं मला.

काय?… जरा मोठ्यानं बोल, बाण उडाला… तू पण मंगळवारची वाट बघतेस?… मी फोन उचलतो म्हणून? अगं, रोज उचलेन की… नाही उचलत, हो. खरं आहे. वाजत राहतो नि मी बघत राहतो. काय बोलायचं सुचत नाही… मला नव्हतं माहीत तू तिथे बसून…

बरं. ऐक. आईला हे आवडलं असतं का? खरं सांग… नाही ना? तुला गोवर निघाला होता तेव्हाचं आठवतं? त्याच टेबलाशी. पांघरूण गुंडाळून बसलीस खेळायला, सूर्यफुलाच्या बिया लावून. सगळ्या बिया जिंकून घेतल्या तिनं. मी म्हटलं, अगं, आजारी पोर आहे, एक डाव सोड की. तर म्हणाली, 'ताप अंगात आहे, अक्कल शाबूत आहे. खेळू दे तिला.' आणि हरल्यावर ठोकायला लावलं टेबलावर… हो, तेच! हरणाऱ्यानं एकदा ठोकूनच उठायचं, मुळूमुळू उठायचं नाही. तू हुंदके देत देत ठोकलं होतंस… इथे पण सगळ्यांना लावलं तिनं ते. बाकीचे आधी दोनदा ठोकतात, मग उठणारा एकदा.

चल. फोन ठेवू नकोस. आत जातोय मी.

हँक!… हो, ओक्साना आहे फोनवर… ती म्हणते, तू खोटारडा आहेस… तुझ्या कपाळावर काय आहे ते बघ आधी… बसा, बसा सगळे. चुय, रेडिओ बंद कर रे जरा. ऐका. आता पानं वाट, आणि ज्याची चांगली असतील त्यानं खेळायचं. कोणी टाकायची नाहीत… ग्लेनिस, बाई, मीठ नकोय मला!… नाही रे, रागावलो नाही. तुमच्यावर काय रागावायचं. तुम्ही…

वाट रे पानं.

ओक्साना, आहेस ना?… वाटतोय. चुय एकेक पान मोजून टाकतोय, एरवी डोळे मिटून वाटतो… चकती मध्ये गेली तिची… ग्लेनिसनं टाकली. खरंच वाईट आहेत, दाखवली मला. दुर्री नि छक्की… चुयनं पण टाकली, त्याची पण तसलीच… हँक बघतोय. अजून बघतोय. आता माझ्याकडे बघतोय. हँक, पानं तुझ्या हातात आहेत, माझ्या तोंडावर नाहीत!

खेळला. ओक्साना, खेळला तो.

हो, आता तिची उघडायचीच, माहीत आहे मला. शेवटची चकती मध्ये गेली, आता ठरवायला काही उरलं नाही… मी?… चुय म्हणतो, मी उघडायची… माझा हात ओला आहे, थांब…

राणी. चौकटची राणी. आणि… नव्वी, किलवरची. बरी आहेत का?… बरी आहेत. हँककडे दोन अठ्ठ्या… जड आहेत? बरं. बरं.

आता मधली पाच. दोघांची मिळून ना ती? सत्ती… दुर्री… राणी! राणी आली गं! ग्लेनिस उभी राहिली… आई पुढे आहे ना आता? पुढे आहे!… चौथं पान पंजी. पंजीचं काही नाही ना?… आता एकच. चुय, लवकर कर रे…

अठ्ठी.

…हो. अठ्ठी आली. तीन झाल्या त्याच्या.

संपला.

नाही गं, ठीक आहे मी… हँक? हँक तोंड धरून बसलाय. जिंकलाय आणि बघ कसा बसलाय. ती असती तर म्हणाली असती, हँक, जन्मात एकदा नशीब उघडलं तुझं, ते पण माझी पाठ वळल्यावर.

थांब, फोन टेबलावर ठेवतो. स्पीकर लावून. ऐक…

…ऐकलंस? दोनदा. सगळ्यांनी. चुयची बायको पण आली आतून, पिठाच्या हातानंच ठोकलं तिनं. उमटलंय टेबलावर… आता उठणाऱ्यानं एकदा… मी कसा ठोकू गं? मी एक डाव खेळलेला नाही जन्मात. मी उशी आणणारा… सगळे खुर्चीकडे बघतायत…

ओक्साना?

हा आवाज… तू?

…तिच्याच टेबलावर?

ऐकलं. हो. सगळ्यांनी ऐकलं गं. चुयनं टोपी काढली.

…हो… हो, बाळा… शनिवारी. उतरलो की दारातच थांबतो मी, तू ये. जाड कोट आण, माझा इथला तिकडच्या थंडीत कोणी घालणार नाही असला आहे… उशी? काखेत. सामानात नाही टाकणार.

आणि ते टेबल… नाही ना काढत?… बरं. पुठ्ठा तू नको घालूस, मी आल्यावर घालतो.

ठेवतो आता… ठेवायलाच हवं गं, हँक तिची उशी पोटाशी धरून ओली करतोय.