अकराशे बेचाळीस फोटो आणि एक बटण

...आणि वर मलाच विचारतात, आधी वाचायचं नाही का! अहो, वाचतं कोण? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं आवक-जावक विभागात काढली मी. साहेब पेन्सिलीने फुली मारायचे, मी फुलीवर सही ठोकायचो. वाचत बसलो असतो तर अजून पहिल्याच फायलीत असतो! आता हा कॉम्प्युटर विचारतो, मूळ फोटोंवरच सेव्ह करू का... खाली चार ओळी मुंगीएवढ्या अक्षरात, आणि त्याखाली हे एवढं थोरलं बटण. मी काय करणार? ओके दाबलं.

मुळात मला हौस नव्हती हो. रविवारी आमच्या आईला ऐंशी पूर्ण होणार होती. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, मागून मिळत नाही हे तिला अनुभवाने ठाऊक. पण या वेळी म्हणाली, ह्यांचा एक मोठा फोटो भिंतीवर लाव. हे म्हणजे आमचे वडील, जाऊन तीन वर्षं झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि दिसेल त्याचे फोटो काढले. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, शेजारणीचं मांजर, टाकीवर बसलेलं शेजारणीचं मांजर... अकराशे बेचाळीस फोटो! आणि स्वतः एकातही नाहीत, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. एकदाच दिला, आईला. तिने जन्मात एकदाच बटण दाबलं, त्यात वडील बोट वर करून तिला ओरडतायत की हलू नकोस. डोक्याचा वरचा भाग कापलेला. पण हसू बघा, ओरडतानासुद्धा दाबता येत नाहीये. तेवढा एकच फोटो.

तो सरळ उचलून फ्रेमवाल्याकडे न्यायचा की नाही? पण मध्ये आमची धाकटी बहीण! तिला सगळे फोटो मेलवर हवे, आणि पाठवले तर जाईनात, का तर म्हणे फार मोठे आहेत. माझ्या मुलीने फोनवर सांगितलं की एकेक करत बसू नका, सगळे निवडा, रुंदी टाका, एकदम लहान होतात, फक्त आधी कॉपी करून ठेवा. कॉपीचं मी ऐकलं हो! ऐकलं, आणि चहा आला. मग त्या चौकटीत रुंदी मागितली. मुलगी म्हणाली होती सोळाशे. म्हटलं, बहिणीला जन्मापासून ओळखतो, सोळाशे केले तरी कुरकुरणार, एकदाच काय ते लहान करू... टाकले शंभर. आणि ओके दाबलं.

काय वेग हो त्या यंत्राचा! ऑफिसात एक अर्ज टेबलावरून टेबलावर जायला महिना लागायचा, इथे अख्खं खानदान चाळीस सेकंदांत नखाएवढं झालं. मला वाटलं, वा! मग वडील उघडले. नखाएवढे. म्हटलं, घाबरायचं काय, लहान होतात तर मोठेही होतील, टाकले तीन हजार. झाले की मोठे! नुसते चौकोन. आई चष्मा पुसून बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुठली फरशी?"

कॅमेऱ्यातलं कार्ड म्हणाल, तर ते मीच पुसलं होतं, जागा व्हावी म्हणून. तेव्हाही काहीतरी विचारत होतं. तेव्हाही ओके.

बायको दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. फ्रेमवाल्याचे मी पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, साहेब, यातून तिकिटाएवढा फोटो निघेल, फार तर काडेपेटीएवढा. शेवटी मोठ्या फ्रेममध्ये पांढरा कागद, आणि मधोमध काडेपेटीएवढे आमचे वडील. मला खरंच रडू आलं हो. म्हातारीने एक गोष्ट मागितली होती.

रविवारी तिच्या हातात दिला. तिने भिंग मागवलं. बराच वेळ बघितलं, आणि हसायला लागली. म्हणाली, "मीच काढलाय. काय ओरडत होते ते मला ऐकू येतंय." मी सुटलो! म्हटलं, आई, कुठे लावू?

आता आमच्या हॉलमध्ये खिळा एकच. त्यावर माझ्या निवृत्ती समारंभाचा फोटो, दोन फूट बाय तीन फूट, हातात गुच्छ, शेजारी साहेब. आईने भिंगातूनच तिकडे बघितलं.

"ह्यांना तिथे लाव," म्हणाली, "आणि तुझा तो जरा लहान करून कपाटात ठेव. तुला येतं की आता."

सगळं घर माझ्याकडे बघतंय. मी काय करणार? ओके म्हटलं.