दोन नंबरचं चेंबर

(बऱ्हाणपूरजवळ, फोपनारच्या वाटेवर केळी पिकवायचं केंद्र. मालकीण रंभाबाई ऑफिसात कॉम्प्युटरपुढे, चेंबर सांभाळणारा दगा दारात. सून भूमिका माहेरी धूलकोटला, फोन स्पीकरवर.)

रंभाबाई : दुपारी दीडला दोन नंबरचं चेंबर बंद पडलं. एवढंच सांगाले फोन केला. घाबरू नको.

भूमिका : मी नाही घाबरत, आई. लाइट आहे ना?

रंभाबाई : आहे. पंखे मात्र गपगार.

भूमिका : दगाभाऊ, केळात तापमानाची सुई घालून पाहिलं का? गर किती दाखवतो?

दगा : साडेएकोणीस, वहिनी. सकाळी सतरा होता.

भूमिका : पॅनेलवरचा काळा खटका मॅन्युअलवर फिरवा. आत्ता, लगेच. मग परत मोजा.

दगा : निघालो.

भूमिका : आई, कॉम्प्युटरला काय केलं?

रंभाबाई : काही नाही केलं. साफसफाई केली.

भूमिका : कसली?

रंभाबाई : मशीन रेंगाळत होतं. तूच दाखवलं होतं ना, ते टास्क मॅनेजर उघडायचं अन् मेमरी पाहायची? पाहते तर चौऱ्याण्णव टक्के! अन् आत हे बिनओळखीचे लोक, ढीगभर. एकाचंही काम पडद्यावर दिसंना. बसून खाणारे माझ्या आवारात चालत नाहीत, तुले ठाऊक आहे. दिसला त्याले 'एंड टास्क' दाबून घरी पाठवला.

भूमिका : सगळे गेले?

रंभाबाई : कुठचे! चार-पाच तर हाकलले की पुन्हा येऊन बसत. बेशरम.

भूमिका : ते सिस्टिमचे स्वतःचे, आई. घड्याळ जुळवणारा, प्रिंटर पाहणारा, व्हायरस हुडकणारा. त्यांना काढलं तर सिस्टिमच परत बोलावते. पडद्यावर दिसत नाहीत, मतलब काम करत नाहीत असं नाही.

रंभाबाई : अन् जे परत नाही आले?

भूमिका : त्यातला एक आपला चेंबरवाला. मागं बसून सारखं तापमान वाचतो, अन् कूलिंगला हुकूम देतो. हुकूम थांबला की पॅनेल थांबतं.

रंभाबाई : तो? तो तर चिमणीएवढं खात होता! पार खाली होता यादीत.

भूमिका : त्याला लागतंच तेवढं.

रंभाबाई : मग चौऱ्याण्णव टक्के खाल्लं कोणी?

भूमिका : सगळ्यात वर कोण होतं?

रंभाबाई : वरचं नाही काढलं. ते माझंच होतं.

भूमिका : ब्राउझर?

रंभाबाई : भाचीच्या, पूजाच्या हळदीचा व्हिडिओ लावला होता. मंडीचे भावही उघडे होते. अन् एक कीर्तन, अर्धं राहिलेलं. अन् भावाचंच दुसरं पान, पहिलं सापडंना म्हणून.

भूमिका : आपला माल उतरवायचा ओटा आहे ना, तशी ही मेमरी. गोदाम केवढंही असो, हाताखालचं काम ओट्यावरच होतं. तुम्ही चार गाड्यांचा माल ओट्यावर मांडून ठेवला, अन् गर्दी झाली म्हणून हमालाला हाकललं.

रंभाबाई : टोमणा नंतर मार वं. आत कडू शेतकऱ्याचा माल आहे.

भूमिका : माहीत आहे.

रंभाबाई : आजवर कच्चाच विकत आला तो व्यापाऱ्याले. पहिल्यांदा आपल्या भरवशावर पिकवाले ठेवला. गर एकवीसच्या वर चढला की काय होते, तुले सांगाले नको.

भूमिका : वरून हिरवं, आतून शिजलेलं. गाडी कधी येणार?

रंभाबाई : संध्याकाळी.

भूमिका : मग ऐका. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. चेंबरवाला सिस्टिमबरोबर आपोआप उठतो, मी तसंच लावून ठेवलंय.

रंभाबाई : बंद करू? अन् तोवर चेंबरकडे कोण पाहीन?

भूमिका : खटका मॅन्युअलवर आहे, पंखे कॉम्प्युटरशिवाय चालतील, दगाभाऊ उभे आहेत. करा.

रंभाबाई : केलं. काळं झालं.

भूमिका : होऊ द्या. काही उघडू नका. कीर्तनही नाही.

रंभाबाई : हात मांडीवर आहेत माझे. ...आलं. यादी उघडली. छत्तीस टक्के.

भूमिका : आता खाली जा. अजून खाली.

रंभाबाई : आहे. बसलाय तिथंच, चिमणीएवढा.

भूमिका : त्याला ओळखून ठेवा. खटका आता ऑटोवर टाकायला सांगा. कडूकाकांना मी कळवू का?

रंभाबाई : कायले? हाकललं मी, सांगीन मी. बाहेर उभाच आहे तो, गाडीची वाट पाहत. दगा! खटका ऑटोवर टाक. काय म्हणते सुई?

दगा : मॅन्युअलवर फिरवला तेव्हा वीस होतं, मावशी. मग साडेवीस झालं.

भूमिका : अन् आत्ता? आत्ताचं सांगा, दगाभाऊ.

दगा : ऑटोवरही पंखे फिरताहेत. दुसऱ्या फणीतलं केळ घेतलं, त्यात घातली सुई.

रंभाबाई : अरे, आकडा बोल!

दगा : साडेवीसच. वर नाही चढलं.