गेणूचा अंगठा

न्हाई सर, आत येऊ नका — तिथंच वट्यावर बोला, उभ्यानंच. गेणू आज आला न्हाई, उद्याबी यायचा न्हाई. मोठा भाऊ हाये मी त्याचा, मी म्हणतो ते घरात चालतं. काय शिकवता वो तुमी — झोपायला? आमच्या राजुरीत झोपायला आता मास्तर लागतो व्हय? शाळंच्या हॉलमधी सतरंज्या टाकायच्या, भर दुपारी बाप्यांनी डोळं मिटून उताणं पडायचं — योगनिद्रा म्हणं — आन् तुमची कॅसेट सांगणार, उजव्या हाताचा अंगठा सैल सोडा, पहिलं बोट सैल सोडा. अवो, ज्याला अंगठाच न्हाई त्यानं काय सोडायचं? इचारलं का आधी कुणाला? दोन वर्सं झाली, कडबाकुट्टीत गेली त्याची बोटं, अंगठ्यासकट. गावाला म्हाईत हाये समदं. लोडशेडिंग व्हतं, मशीनमधी कडबा अडकलेला, गेणू हात घालून काढत व्हता — आन् लाईट आली. एवढंच. कुणाचा दोष? कुणाचाच न्हाई.

तवापासनं त्याला झोप नव्हती, खरंय. आता लागती, तेबी कबूल करतो — काल जेवला आन् घोरायलाच लागला, त्याची बायको रडली ते बघून. पण त्याच्या आधी हॉलमधी काय म्हणला? मी शेजारीच पडलो व्हतो, त्याला सोबत म्हणून. तुमी इचारलं, काय जाणवलं — तर चारचौघांत म्हणला, अंगठा जाग्यावर हाये, गार लागतोय, आन् मग खटका वाजला. खट् करून.

कसला खटका? लाईट आली तर मशीन आपसूक फिरतं, खटका कशाला वाजंल? भ्रम हाये त्याचा. खटका गोठ्याच्या मागल्या भिंतीला, तिथनं मशीन दिसतबी न्हाई — म्हणून तर मी हाक दिली, काढला का रं हात — तो व्हय म्हणला, मला व्हय आईकू आलं —

असं बघू नका माझ्याकडं.

सकाळी उठला, आन् मला डाव्या हातानं च्याचा कप पुढं केला फकस्त. दोन वर्सं तो जागा व्हता, सर, आन् मी झोपत व्हतो.

चपला घाला. जा आता.