फाबियोलाच्या पानांखालची तारीख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टंकलेखक व बांधणीकार संघाचे प्रमुख माननीय श्री. ग्रोवर कोल्के, व्यासपीठावर विराजमान झालेले नगरपालिकेचे आणि विद्यापीठाचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे सुक्रे शहराच्या या थंडीत दारं लावून इथे बसलो आहोत आणि ज्यांना सारं गाव मानानं 'दोन्या' म्हणतं त्या सत्कारमूर्ती दोन्या एर्मिंदा आर्सिएनेगा, आणि समोर जमलेले संघाचे सभासद, आजी-माजी विद्यार्थी, बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रेनाल्दा बेदोया. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तुमच्या धंद्याशी माझा संबंध गिऱ्हाईक म्हणूनच. संघाच्या सचिव मिल्काबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, गिऱ्हाइकांतर्फे कुणीतरी बोलायला हवं, आणि तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो." आवाजाची ही कीर्ती ऐकून मी हो म्हटलं. आता बोलायला उभी राहिल्यावर वाटतंय, नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आधी एक तक्रार. आपल्या हातातली कार्यक्रमपत्रिका पाहा. पहिल्या पानावर वरच्या बाजूला दोन्या एर्मिंदांचं नाव आहे. छान. आता पान उलटा. आतल्या पानांवर कुणाचं आहे? श्री. लिम्बर्ट यांचं, ज्यांना आपण गेल्या वर्षी निरोप दिला. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि फुकटात दुसरा सत्कार मिळाला म्हणून खुशीत दिसतात. मिल्काबाई, मान खाली घालू नका. जुनीच पत्रिका उघडून नाव बदललंत, पण पहिल्या पानाचा हेडर, म्हणजे माथ्यावरची ओळ, वेगळा आणि आतला वेगळा, हे विसरलात. उभ्या जगाचं हे होतं. दोन्या एर्मिंदा मात्र मघापासून ती पत्रिका मांडीवर उलटी ठेवून बसल्या आहेत. हात शिवशिवतोय त्यांचा.

विद्यापीठासमोरच्या त्या अरुंद दुकानात काय चालायचं, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? प्रबंध सादर करायच्या आदल्या दिवशी पोरं रडकुंडीला येऊन उभी राहायची. कुणाच्या मुखपृष्ठावर पानाचा आकडा आलेला, कुणाचा आकडा मध्येच पुन्हा एकपासून सुरू झालेला. कुणी 'प्रकरण चौथे' असं वर लिहायला जावं आणि सगळ्या प्रबंधाचं प्रकरण चौथं व्हावं. दोन्या एर्मिंदा त्याला स्टुलावर बसवायच्या, पुढ्यात जांभळ्या मक्याच्या गरम आपीचा पेला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी नाक पूस. तुझं हे पान मागच्या पानाला बांधलेलं आहे. गाठ सोडू, मग दोघं आपापल्या वाटेनं जातील." हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.

माझी मुलगी फाबियोला त्याच स्टुलावर बसायची. शेतकी शाखेत होती. आमच्या दऱ्यांत पिकणाऱ्या मिरच्यांच्या जातींवर प्रबंध लिहीत होती. घरात मिरच्याच मिरच्या. खिडकीत वाळत घातलेल्या, उशीखाली बियांच्या पुड्या. मी म्हणायचे, "अगं, नवरा तरी बिनतिखटाचा बघ." ती म्हणायची, "आई, आधी प्रबंध, मग तुझा जावई, आणि त्यालाही चाखूनच घेईन." लिहून झालेली मोजमापं शेवटची ताडून बघायला ती फेब्रुवारीत पादिया गावाच्या बाजूला गेली. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. परतीच्या वाटेवर ट्रक दरीत गेला. अध्यक्ष महोदय, मी पाणी घेते.

प्रबंध पुरा झाला होता. विद्यापीठानं सांगितलं, सादर करा, पदवी तिच्या नावानं देऊ. एप्रिलात मी फाइल घेऊन दोन्या एर्मिंदांकडे गेले, त्यांनी छापून दिली, मी नेऊन दिली. आठवड्यानं समितीनं बोलावलं. टेबलावर प्रबंध उघडा होता आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख होती, एप्रिलची. माझी मुलगी जाऊन दोन महिने झाल्यानंतरची. समितीचे प्रमुख सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज नको, पण हे लिहिलं कुणी?"

समितीला नावं ठेवू नका. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. पण बाहेर आले तोवर गावभर झालं होतं की मास्तरणीनं मेलेल्या पोरीच्या नावावर कुणाकडून तरी लिहून घेतलं. जिनं चार पावसाळे मिरच्यांच्या वाफ्यांत गुडघे टेकले, तिचं लिहिणंही तिच्याकडून हिरावून घ्यायला निघाले होते लोक. मी तशीच तरातरा दुकानात गेले आणि दोन्या एर्मिंदांवर ओरडले. माझा आवाज, तुम्हाला माहीतच आहे.

त्यांनी मला ओरडू दिलं. मग फाइल उघडली आणि तळाच्या तारखेवर टिचकी मारली. "बाई," त्या म्हणाल्या, "ही तारीख तिनं लिहिलेली नाही. ही आपोआपची आहे. ज्या दिवशी फाइल उघडाल त्या दिवसाची उमटते. छापलेल्या कच्च्या प्रतींतली ताजी कुठली ते कळावं म्हणून. ही युक्ती तिला मीच शिकवली होती." दुसऱ्या दिवशी त्या दुकान बंद करून माझ्याबरोबर समितीपुढे आल्या. सरांच्या देखत फाइल उघडली, तळाशी त्या दिवसाची तारीख आली. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, "तिनं शेवटचं काम केलं ती तारीख कायमची घाला आणि घेऊन या. आम्ही थांबतो."

एवढंच काम होतं. दोन्या एर्मिंदांनी शोधून ठेवलं होतं, शेवटचं काम सात फेब्रुवारीचं, ती निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळचं. त्यांनी विचारलं, "घालू?" मी म्हटलं, "आज नको."

कारण मला कळलं होतं ना, की ती फाइल उघडली की आजची तारीख येते. मी रोज सकाळी उघडायला लागले. मिरचीचं रोप कसं जपावं ते तिनं लिहिलेलं, आणि खाली आजची तारीख. मंगळवारी मंगळवारची. तिच्या वाढदिवसाला तिच्या वाढदिवसाची. जगात एवढी एकच जागा होती जिथं माझी मुलगी आजही काम करत होती. तिथं मी माझ्या हातानं सात फेब्रुवारी लिहायचं? तुम्ही लिहिलं असतं?

पदवी अडून राहिली. दोन्या एर्मिंदांनी कधी टोकलं नाही. दर वर्षी मृतांच्या दिवशी, मी फाबियोलासाठी पान मांडायचे तेव्हा, त्या दिवसाचे बाळाच्या आकाराचे पाव घेऊन त्या न बोलावता यायच्या आणि माझ्याशेजारी बसून राहायच्या. आपली रीत तुम्ही जाणता. तीन वर्षं पान मांडायचं, तिसऱ्या वर्षी गाऊन-वाजवून निरोप द्यायचा आणि मग जाणाऱ्याला जाऊ द्यायचं. तिसऱ्या वर्षी दुपारी आम्ही पान उचललं, पाव गल्लीत वाटून टाकले. त्या चादर झटकत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, फळ्यावर तारीख कोण लिहायचं?"

"मीच. रोज सकाळी."

"आणि कालची?"

"पुसायचे," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी उठून दुकानात गेलो.

तिथंही सोपं नव्हतं. एका ठिकाणी तारीख बदलली की सगळीकडे बदलेल असं मला वाटलं होतं. पण फाबियोलानं प्रत्येक प्रकरणाचं नाव वर यावं म्हणून प्रत्येक प्रकरण मागच्यापासून सोडवून ठेवलं होतं. गाठी सोडायला शिकली होती ना. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी जाऊन आजची तारीख खोडायची आणि सात फेब्रुवारी लिहायची. पहिलं झाल्यावर दोन्या एर्मिंदांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "हे माझं काम नाही," म्हणाल्या. जमिनीचं प्रकरण, बियांचं, किडीचं, एकेक करत मी लिहीत गेले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झालं, आणि पुढच्या प्रकरणाखाली ती पुन्हा आज काम करत बसलेली असायची.

शेवटी ऋणनिर्देशाचं पान उरलं. त्यावर माझं नाव आहे. माझा हात थांबलेला बघून त्या म्हणाल्या, "छापताना बरोबर करू. पण तुमच्या घरच्या फाइलीत हे एक पान असंच राहू दे. कोण बघतंय?"

मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, फार मोठा मोह झाला. पण म्हटलं, "नको. तिला वाजतगाजत निरोप दिला, आणि आता एका पानावर रोज परत बोलवत राहायचं? दमेल पोरगी." आणि ते पानही मीच लिहिलं. दोन्या एर्मिंदा आतल्या खोलीत आपी करायला गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. पेल्यात साखर घालायची राहिली होती, आम्ही ती तशीच प्यायलो.

फाबियोला आता कृषी अभियंता आहे. तिचा प्रबंध ग्रंथालयात आहे, तिच्या नावावर, आणि त्यावर कुणी बोट ठेवत नाही. मी अजूनही रोज सकाळी फाइल उघडते. तळाशी सात फेब्रुवारी असते. आज सकाळीही तीच होती. मी "बरं बाई" म्हणते आणि बंद करते.

दोन्या एर्मिंदा, तुमचे डोळे थकले, तुम्ही खालच्या मैदानात, सांताक्रूझ शहरात मुलाकडे निघालात, शनिवारी दुकानाचं शटर खाली येणार. तिकडच्या गरम हवेत तुमचे गुडघे बरे राहतील. माझं त्या गल्लीत आता काही काम उरलेलं नाही, तरी मी तिथून जाईन आणि बंद दारासमोर थांबेन, हे तुम्हाला सांगून ठेवते. माझ्या मुलीला शेवटचं जाऊ देताना माझ्याशेजारी तुम्ही होता. आज तुम्हाला जाऊ देताना मी शेजारी कुणाला पाहू?

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, मिल्काबाईंनी माझ्यावर भरवसा टाकला, आणि आपण इतका वेळ खुर्च्यांचा आवाज न करता ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सन्मानाच्या क्रमात कुणी मागेपुढे झालं असेल, गौरवाच्या दिवशी मी माझंच दुःख जास्त उगाळलं असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला. या भाषणाची प्रत संघाच्या दप्तरासाठी देऊन जाते. पत्रिकेतली चूक पाहून धास्तावले, म्हणून प्रत्येक पान तपासलं आहे. तळाशी आजची तारीख आहे. ती मी हातानं लिहिली आहे, दोन्या एर्मिंदा. उद्या ती बदलणार नाही.